आवाज पोहोचला पाहिजे

नोकरीच्या मुलाखतीवरच्या पुस्तकांत एक प्रकरण ठरलेलं असतं. दारावर टकटक किती वेळा करावी, आत गेल्यावर आधी कुणाला नमस्कार करावा, खुर्ची ओढताना आवाज कसा होऊ देऊ नये. या पुस्तकात ते प्रकरण नाही, कारण पहिल्या फेरीला आता बहुधा दारच नसतं. एक लिंक येते. ठरल्या वेळी ती उघडायची, थोडा वेळ स्वतःचाच चेहरा बघत बसायचं, आणि मग पलीकडून कुणीतरी विचारतं, ‘हॅलो, आवाज येतोय का?’ जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या गावांतल्या किती तरी मुलामुलींची नोकरीशी पहिली गाठ आज अशी पडते. त्यांची तयारी मात्र अजून खुर्चीच्या मुलाखतीची करून घेतली जाते. टायची गाठ शिकवतात, मायक्रोफोनबद्दल कुणी बोलत नाही.

जुनी पद्धत म्हणजे काही रामराज्य नव्हतं. सांगोल्याच्या मुलाला पुण्यात मुलाखत असली की रात्रीची एसटी, पहाटे स्वारगेट, हडपसरच्या आत्याकडे आंघोळ, इस्त्रीचा शर्ट, प्रमाणपत्रांची जाडजूड फाइल. मग वॉक-इनच्या रांगेत दुपार. एवढं करून आत दहा मिनिटं मिळायची, आणि तोंड उघडण्याआधीच बूट, चाल, अंग चोरून बसणं यांवरून निम्मा निकाल लागलेला असायचा. मी बरीच वर्षं टेबलाच्या त्या बाजूला बसत आले आहे, म्हणून हे खात्रीने सांगते. आमच्यापैकी बहुतेकांना आपण माणूस ओळखतो असा भ्रम असतो, आणि त्या भ्रमाला दारातून आत येणारा उमेदवार भरपूर खाद्य पुरवत असे.

कॅमेऱ्यावरची मुलाखत करोनाने जन्माला घातली, असा समज आहे. तो खरा नाही. अमेरिकेत २००४ मध्ये सुरू झालेली हायरव्ह्यू ही कंपनी सुरुवातीला उमेदवारांना टपालाने वेबकॅम पाठवत असे. आपल्याकडे टीसीएसने २०१८ मध्ये नॅशनल क्वालिफायर टेस्ट आणली आणि नवख्यांच्या भरतीचा पहिला टप्पा संगणकावर नेला. करोनाने केलं ते एवढंच, की पर्याय काढून घेतला. २५ मार्च २०२० ला देश बंद झाला. झूमवरच्या बैठकांतल्या रोजच्या सहभागींचा आकडा डिसेंबर २०१९ मध्ये १ कोटीच्या आसपास होता, तो एप्रिल २०२० मध्ये ३० कोटींवर गेला. (यात दिवसातून तीन बैठकांना बसणारा माणूस तीनदा मोजला जातो, हे लक्षात ठेवून आकडा वाचावा.) टाळेबंदी उठली, कचेऱ्या उघडल्या, पण पहिली फेरी काही पुन्हा प्रत्यक्ष झाली नाही. कंपनीचा प्रवासखर्च आणि वेळ वाचतो, उमेदवाराचं एसटीचं तिकीट वाचतं. दोघांच्या सोयीची गोष्ट सहसा मागे फिरत नाही.

मुलाखतीतून माणूस कितपत कळतो, यावर शंभरेक वर्षं संशोधन चाललं आहे. फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर यांनी १९९८ मध्ये पंच्याऐंशी वर्षांच्या अभ्यासांचा आढावा घेतला. सगळ्यांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने, आणि ठरलेल्या निकषांवर गुण, अशा आखीव मुलाखतीचा पुढच्या कामगिरीशी असलेला संबंध त्यांना ०.५१ इतका आढळला. गप्पांच्या ओघात घेतलेल्या मुलाखतीचा ०.३८. पुढे पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये हे गणित दुरुस्त केलं. आखीव मुलाखतीचा आकडा ०.४२ वर उतरला, तरीही निवडीच्या सगळ्या पद्धतींत ती पहिल्या क्रमांकावर राहिली. उमेदवाराने या आकड्यांतून काय घ्यायचं? पलीकडच्या माणसासमोर एक तक्ता आहे, हे गृहीत धरायचं. पडद्यावरच्या मुलाखतीत तो तक्ता दुसऱ्या खिडकीत उघडाच असतो. तुम्ही बोलत असताना कीबोर्डची टकटक ऐकू येते, समोरच्याची नजर भलतीकडे जाते. मुलांना वाटतं, साहेबांचं लक्ष नाही, मेल वाचताहेत. क्वचित तसंही असतं, पण बहुतेकदा तुमचंच उत्तर टिपलं जात असतं. टकटक थांबली तर काळजी करा.

या पुस्तकाचा सर्वांत मोठा भाग आवाजावर आहे. मुलाखतीच्या पुस्तकात हे विचित्र वाटेल. पण पडद्यावर तुम्ही छातीपर्यंत दिसता, तेही काड्याच्या पेटीएवढे. बाकी सगळं कानावर चालतं. मार्च २०२५ मध्ये येल विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. ध्वनिमुद्रणं तीच, शब्द तेच. फक्त एकदा स्वच्छ आवाजात ऐकवली आणि एकदा वाईट मायक्रोफोनमधून येतो तशा पातळ, किरट्या आवाजात. ऐकणाऱ्यांनी किरट्या आवाजाच्या माणसाला कमी हुशार, कमी विश्वासार्ह आणि नोकरी देण्यास कमी योग्य ठरवलं. प्रत्येक शब्द नीट समजत होता, तरीही. ऐकणाऱ्यांच्या मनात खोट नव्हती. आपण मायक्रोफोनला गुण देतो आहोत, याचा त्यांना पत्ताच नव्हता.

तेव्हा पहिला सल्ला रुक्ष आहे. लॅपटॉपचा स्वतःचा माइक वापरू नका, तो खोलीतला पंखाही तितक्याच प्रेमाने ऐकतो. वायरचा साधा इअरफोन घ्या, ज्याच्या वायरीवर माइक असतो. तो तोंडाजवळ राहतो, सगळी जादू तेवढीच. वायर नसलेले महाग इअरबड्स मिरवायला ठीक आहेत. पण ब्लूटूथवर माइक सुरू झाला की बहुतेक जोड्या गाण्यांचा चांगला मार्ग सोडून फोनकॉलच्या हलक्या मार्गावर जातात आणि आवाज पडतो. शिवाय बॅटरी. लग्नात भेट मिळालेले ते पांढरे बड्स ऐन प्रश्नाच्या वेळी संपल्याचं मी अनेकदा पाहिलं आहे. भिंती उघड्या असतील तर आवाज घुमतो. गाद्या, चादरी, कपड्यांनी भरलेलं उघडं कपाट असलेली खोली त्या बाबतीत दिवाणखान्यापेक्षा चांगली.

याहून अवघड गोष्ट शांततेची आहे. प्रश्न संपला की उत्तर सुरू होईपर्यंत माणसं किती थांबतात, हे संशोधकांनी जगातल्या दहा भाषांमध्ये मोजलं. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सरासरी निघाली सुमारे २०० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग. आता इंटरनेटचं बघा. आवाज एका टोकाहून दुसऱ्या टोकाला पोहोचायला १५० मिलिसेकंदांपेक्षा जास्त वेळ लागू नये, अशी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस आहे. गावाकडच्या मोबाइल डेटावर ती मर्यादा सहज ओलांडली जाते. शिवाय उशीर दोन्ही बाजूंनी होतो, जाताना आणि येताना. म्हणजे ज्या अवकाशात आपण जन्मभर पाळी ओळखत आलो, तो अवकाश तारेतच खर्च होतो. मग दोघं एकदम बोलायला लागतात, दोघं एकदम थांबतात, ‘बोला सर’, ‘नाही, तुम्ही बोला’ सुरू होतं. जर्मन संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवलं की अशा उशिराचा दोष ऐकणारे तारेला देत नाहीत, समोरच्या माणसाच्या स्वभावाला देतात. तो बेसावध आहे, त्याला रस नाही, असं त्यांना वाटतं.

आपल्या माणसांच्या बाबतीत त्यात आणखी एक भर पडते. आपल्याकडचं बोलणं हुंकारावर चालतं. आजी गोष्ट सांगताना नातवाने ‘हं’ म्हटलं नाही तर ती थांबून विचारते, झोपलास का रे? ‘हं’, ‘बरं’, ‘मग?’, ‘असं का!’ एवढ्या आधाराशिवाय आपण सलग दोन मिनिटं बोललेलो नसतो. ऑनलाइन मुलाखतीत हुंकार मरतो. पॅनेलवरच्या माणसांनी स्वतःला म्यूट केलेलं असतं. केलेलं नसलं तरी खोलीतला गोंगाट गाळणारी यंत्रणा तो बारीकसा ‘हं’ सुद्धा गाळू शकते. मुलगी बोलत राहते, पलीकडून काहीच येत नाही. तिला वाटतं उत्तर चुकतंय, म्हणून ती तेच पुन्हा समजावते, वेग वाढवते, मूळ मुद्दा सोडून उदाहरणात शिरते, आणि दीड मिनिटाचं चांगलं उत्तर चार मिनिटांचं वाईट उत्तर होतं. पॅनेलवर बसून हे होताना बघणं त्रासदायक असतं. थांबवावं तर तिचा आणखी गोंधळ होतो.

यावर उपाय सरावाचाच आहे, आणि तो मित्रांसमोर करून उपयोग नाही, कारण मित्र हुंकार देतात. भिंतीसमोर किंवा बंद पडद्यासमोर बोलायचं. उत्तर संपलं की ते संपल्याचं ऐकू आलं पाहिजे, म्हणजे शेवटचं वाक्य पूर्ण, आवाज खाली, आणि मग तोंड बंद. प्रश्न ऐकल्यावर मनात एक-दोन म्हणून मग सुरुवात. पुढची शांतता कितीही लांबली तरी ती समोरच्याची जबाबदारी आहे, आपली नाही. पुस्तकाचं तिसरं आणि चौथं प्रकरण फक्त यावर आहे. कुणाला ती लांबलेली वाटली तर वाटोत.

दिसण्याबद्दल थोडक्यात. उजेड समोरून हवा, पाठीमागे खिडकी नको. कॅमेरा डोळ्यांच्या रेषेत यावा म्हणून लॅपटॉपखाली चार जाड पुस्तकं ठेवा, इंजिनिअरिंगच्या पुस्तकांचा तो निर्विवाद उपयोग आहे. समोरच्यांची खिडकी लहान करून कॅमेऱ्याच्या खाली ओढली की त्यांच्याकडे पाहिलं तरी कॅमेऱ्याकडे पाहिल्यासारखं दिसतं. स्वतःचा चेहरा पडद्यावरून लपवा, ती सोय असते. स्टॅनफर्डचे जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये व्हिडिओ बैठकांच्या थकव्याची जी कारणं मांडली, त्यांत सतत स्वतःला बघत राहणं हे एक होतं. मागे गोदरेजचं कपाट दिसलं, देवघर दिसलं, तरी काही बिघडत नाही. खोटी पार्श्वभूमी लावली की जुन्या लॅपटॉपची दमछाक होते आणि कानाची पाळी अधूनमधून गायब होते. कपाट बरं.

घराबद्दल मात्र थोडक्यात आटोपता येत नाही, कारण ऑनलाइन मुलाखतीने जो न्याय दिला त्यातला बराचसा घराने परत घेतला. एसटीचं भाडं वाचलं, पण वन आरकेमध्ये राहणाऱ्या मुलीने बंद दाराची खोली आणायची कुठून? शेजारच्या घरातला टीव्ही, कुकरच्या शिट्ट्या, लहान भावाचे क्लासेस, मध्येच बेल. सगळ्यांना मोठी घरं आहेत असं धरून लिहिलेले सल्ले वाचून मला चीड येते. म्हणून या पुस्तकात कॉलेजची लॅब, गावातलं वाचनालय, ओळखीच्या शिक्षकांचं घर, क्लासची सकाळची रिकामी खोली अशा जागा आधी कशा मागून ठेवाव्यात, तेही लिहिलं आहे. मागण्यात कमीपणा नाही. आणि काही आवाज आलाच, तर ‘माफ करा, घरात थोडा आवाज आहे’ एवढं एकदा म्हणून पुढे जायचं. तीनदा माफी मागितली की पॅनेलला आवाज आठवतो, उत्तर आठवत नाही.

विजेचंही तसंच. पुण्यात देखभालीसाठी गुरुवारी वीज बंद ठेवण्याची पद्धत जुनी आहे, इतर गावांचे वार वेगळे आहेत. तारीख निवडायची मुभा असेल तर महावितरणचा वार आधी बघा, पंचांग नंतर. राउटरसाठी छोटा यूपीएस मिळतो, दुसऱ्या कंपनीचं सिम असलेला फोन हॉटस्पॉटला तयार ठेवता येतो. नेट अगदीच रडायला लागलं तर परवानगी विचारून व्हिडिओ बंद करा. चांगल्या चित्राला सेकंदाला एक मेगाबिटहून अधिक वेग लागू शकतो, नुसत्या आवाजाला त्याच्या दहाव्या हिश्शातही भागतं. एचआरचा फोननंबर कागदावर लिहिलेला असावा. तो मेलमध्ये असून उपयोग नाही, कारण नेट गेल्यावर मेलही गेलेला असतो.

आता बोलायचं काय, ते. प्रश्नोत्तरांच्या याद्या पाठ करून आलेली मुलं पहिल्या अर्ध्या मिनिटात कळतात. यूट्यूबवरच्या ‘टेल मी अबाउट युवरसेल्फ’ची एकच आवृत्ती नांदेडपासून रत्नागिरीपर्यंत फिरते आहे, आणि त्यात प्रत्येकाचा छंद क्रिकेट नि संगीत आहे. कागदावरचं वाचून दाखवणंही लपत नाही, डोळे डावीकडून उजवीकडे सरकताना कॅमेरा बघत असतो. समोर कागद जरूर चिकटवा, पण त्यावर पाच-सहा शब्दच असू द्या, प्रत्येक शब्द म्हणजे तुमच्या आयुष्यातला एकेक प्रसंग. प्रसंग, त्यात तुमची जबाबदारी, तुम्ही केलेली कृती आणि परिणाम, ही चौकट डीडीआय या अमेरिकी कंपनीने १९७४ मध्ये रूढ केली आणि स्टार या नावाने ती जगभर शिकवली जाते. चौकट उत्तम आहे. आपली मुलं अडखळतात ती तिसऱ्या पायरीवर. ‘आम्ही प्रोजेक्ट केला, आम्ही सर्किट बनवलं, आम्हाला बक्षीस मिळालं.’ चौघांच्या गटात तू काय केलंस, असं विचारलं की लाजल्यासारखी गप्प बसतात. स्वतःचं कौतुक स्वतःच्या तोंडाने करू नये, हा घरचा संस्कार वाईट नाही, पण पॅनेलच्या तक्त्यात गटाला गुण देण्याचा रकाना नसतो. मी सेन्सरची जोडणी केली, ती दोनदा जळली, तिसऱ्यांदा चालली. यात बढाई कुठे आहे? ती हकिकत आहे.

इंग्रजीच्या भीतीबद्दल एवढंच सांगते. व्याकरण घसरल्यामुळे मी कुणाला नाकारल्याचं आठवत नाही. वेगामुळे काहीच कळलं नाही म्हणून नाकारलं आहे.

काही कंपन्या आता समोर माणूसही बसवत नाहीत. पडद्यावर प्रश्न येतो, विचाराला अर्धा मिनिट, उत्तराला दोन मिनिटं, मुद्रण आपोआप बंद. मुलांमध्ये अशी अफवा आहे की यंत्र तुमचं हसू मोजतं. ती अगदीच निराधार नव्हती. हायरव्ह्यू चेहऱ्याच्या हालचालींचं विश्लेषण करत असे, टीका झाली, आणि जानेवारी २०२१ मध्ये कंपनीने ते सोडून दिल्याचं जाहीर केलं. इलिनॉय राज्यात २०२० पासून कायदा आहे की व्हिडिओचं असं विश्लेषण करायचं असेल तर उमेदवाराला आधी सांगून त्याची संमती घ्यावी. तेव्हा कृत्रिम हसत बसू नका. उत्तराचे शब्द लिहून काढून त्यांवर गुण देणारी यंत्रणा मात्र असू शकते, म्हणून शब्द स्पष्ट हवेत. फिरून आवाजावरच आलो.

लबाडीवरही एक प्रकरण लिहावं लागलं. एक बोलतो आणि दुसरा ओठ हलवतो, हा जुना प्रकार. जून २०२२ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने बनावट चेहरे लावून दिल्या जाणाऱ्या मुलाखतींबद्दल इशारा दिला. त्यातली एक खूण अशी, की खोकला ऐकू येतो आणि पडद्यावरचा माणूस खोकत नाही. आता तर प्रश्न ऐकून उत्तर पडद्यावर लिहून देणारी साधनं मिळतात. गूगलचे सुंदर पिचई यांनी २०२५ मध्ये सांगितलं की निदान एक फेरी प्रत्यक्ष घेण्याकडे त्यांची कंपनी वळते आहे. सांगोल्याच्या मुलाच्या दृष्टीने ही वाईट बातमी आहे, कारण चार जणांच्या लबाडीची किंमत तो पुन्हा एसटीच्या तिकिटात मोजणार. पॅनेलही आता बदललं आहे. उत्तर ऐकून घेतात आणि मग एकच अट बदलून विचारतात, डेटा दुप्पट झाला तर? हीच यंत्रणा वीज नसलेल्या गावात लावायची असेल तर? उसनं उत्तर तिथे संपतं.

उलट्या बाजूची लबाडी अधिक क्रूर आहे. खोटी कंपनी, खोटी मुलाखत, पाच मिनिटांत निवड, आणि मग ‘नोंदणी शुल्क’ किंवा ‘लॅपटॉपची अनामत’. नोकरी देण्यासाठी कोणतीही प्रामाणिक कंपनी उमेदवाराकडून पैसे घेत नाही. मुलाखतीत स्क्रीन शेअर करायला सांगून बँकेचं अ‍ॅप उघडायला लावलं, दुरून फोन चालवणारं अ‍ॅप टाकायला सांगितलं, ओटीपी मागितला, तर कॉल तिथेच तोडा. पैसे गेलेच तर लाज न बाळगता लगेच १९३० या क्रमांकावर कळवा. तासाभराच्या आत कळवलं तर रक्कम अडवण्याची शक्यता जास्त असते.

पुस्तक क्रमाने वाचायची गरज नाही. मुलाखत उद्यावर आली असेल तर तिसरं आणि चौथं प्रकरण वाचा, फोनवर स्वतःचं दोन मिनिटांचं उत्तर मुद्रित करा आणि ते डोळे मिटून ऐका. पहिल्यांदा ऐकवणार नाही, तरी शेवटपर्यंत ऐका. बाकीची प्रकरणं नोकरी लागल्यावर वाचली तरी चालतील. तेव्हा तुम्ही मुलाखती घेणाऱ्यांच्या बाजूला गेलेले असाल.

आणि प्राचार्यांना, प्लेसमेंट अधिकाऱ्यांना एक विनंती. कॉलेजात मुलाखतीसाठी एक खोली वेगळी काढा. दार लागणारी, केबलने जोडलेलं इंटरनेट असलेली, इन्व्हर्टरवर चालणारी, आणि जिची किल्ली सुटीच्या दिवशीही मुलांना मिळेल अशी. त्यात वायरचे दोन-चार इअरफोन ठेवा. यंदाच्या मुलाखती सुरू होण्याआधी एवढं करा.